भामरागडच्या माशीचा नर

मूल गावच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या रिना दुर्गेच्या संतापाला कारण होती तिळाएवढी गांधीलमाशी. भामरागडजवळ ऐनाच्या झाडाच्या पानावरून तिनं एक केसाळ अळी घरी आणली होती. अळीला आतून पोखरून ही माशी बाहेर पडली. काळे मागचे पाय, पंखावर धुरकट डाग. अशी माशी कुठल्याच नोंदीत नव्हती. रिनानं महिनोन्‌महिने खपून वर्णन लिहिलं, आकृत्या काढल्या, लेख पाठवला. तो परत आला. म्हणे, एकाच मादीवरून नवी जात ठरवता येत नाही, नर दाखवा.

"नर काय बाजारात मिळते?" रिना आईवर ओरडली. ठमाबाईंनी चहा ठेवला.

नराच्या शोधात तिनं भामरागडच्या इसरूला फोन केला. अळ्या त्यानंच दाखवल्या होत्या.

"बाई, पूल पाण्याखाली आहे," इसरू म्हणाला. "माणसाले रस्ता नाई, तुमच्या माशीले कुठून आणू?"

पूर ओसरला तशी ती स्वतः गेली आणि पिशवीभर अळ्या घेऊन आली. रोज कॉलेज सुटलं की ऐनाचा कोवळा पाला शोधत हिंडायचं. अळ्या मात्र ठणठणीत! खाऊन खाऊन फुगल्या, कोशात गेल्या आणि एकेक करून पतंग बाहेर आले.

"किती सुंदर पाखरू निघालं व!" ठमाबाई हरखल्या.

"आई, मले पाखरू नाई पायजे! अळी मेली पायजे!"

शेवटी एक अळी खायची थांबली. तिच्या पाठीवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे दिसू लागले.

"अंडे देल्ले वाटते हिनं," ठमाबाई म्हणाल्या.

"अंडे नाई, माशीचे कोश आहेत ते!" कितीतरी दिवसांनी रिना हसली.

कोशांतून माश्या निघाल्या, नर आणि मादी दोन्ही. रिनानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कपाळावर हात मारला. माद्यांचे पाय पिवळेधमक होते, पंखावर डागाचा पत्ता नव्हता. ही वेगळीच माशी होती. चडफडत तिनं बेंगळुरूच्या एका जाणकाराला फोटो पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "अभिनंदन! हीसुद्धा नवीन दिसते."

रिनानं मोबाइल गादीवर आपटला. आता पुन्हा मापं, पुन्हा आकृत्या! तरी ती बसलीच. जोडी हाताशी होती, म्हणून या माशीचा लेख पहिल्या फेरीतच स्वीकारला गेला. जिच्यासाठी एवढी वणवण केली, ती मात्र डबीत टाचणीवर तशीच, बिननावाची.

लेख छापून आला त्या दिवशी ठमाबाई माशीचा मोठा केलेला फोटो शेजारी दाखवून आल्या. "एवढी मोठी माशी घरात पाळता? चावत नाई का व?" असं शेजारीण म्हणाल्याचं त्यांनी येऊन सांगितलं. रिनाला समजावून सांगायचं त्राण उरलं नव्हतं. ती म्हणाली, "चावते म्हणून सांग."

आणि पिशवी घेऊन नव्या अळ्यांसाठी पाला आणायला निघाली.