डोक्याला लावलेले दोन हात

निवृत्त माणसांच्या बाकावर आजार एकाचा असतो, किस्से सगळ्यांचे होतात. बुलढाण्यात आम्ही तिघे, एकाच कचेरीतले माजी कारकून, रोज सकाळी बागेत बसतो: मी, शेखभाई आणि इंगळे. इंगळ्यांची मान दुखू लागली आणि इतके किस्से जमले, की दुखणंच अपुरं पडावं!

पहिले दोन महिने निदान बाकावरच चाललं. मी म्हटलं, उशी बदला. शेखभाई म्हणाले, "मणक्यात गॅप असंन." आमच्या जिल्ह्यात चाळिशीनंतर गॅप नसलेला माणूस दाखवा!

बाकावरून उठताना इंगळे दोन्ही हातांनी डोकं धरायचे. आम्हाला वाटे, आमचं बोलणं ऐकून डोक्याला हात लावतात. नोकरीभर साहेबांच्या शेऱ्यांवर त्यांनी तेच केलं होतं.

*

पहिला शहाणा निघाला न्हावी. दाढीनंतर गिऱ्हाइकाची मान कटकन मोडून देणं ही त्याची फुकटची सेवा. त्यानं इंगळ्यांच्या हनुवटीला हात लावला आणि काढून घेतला.

"काका, मी नाही मोडत."

"काऊन बे?"

"मान फिरूनच नाही राह्यली. लाकडावानी झाली. डॉक्टरले दाखवा."

शेखभाई म्हणाले, "न्हाव्यानं रेफर केलेला पहिला पेशंट!"

*

अकोल्याला हाडांच्या डॉक्टरकडे नंबर आला तेव्हा इंगळे सवयीप्रमाणे डोकं धरून उठले. दारातूनच डॉक्टर ओरडले, "तिथंच थांबा! हलू नका!"

इंगळेवहिनी घाबरल्या. "सायेब, हे त रोजच असे उठतात."

"म्हणूनच म्हणतो. मानेला डोकं पेलत नाही, म्हणून हात पेलताहेत."

दोन महिने आम्ही ज्याला शेरा समजत होतो, ते लक्षण होतं.

*

एमआरआयमध्ये दिसलं, मानेचे सगळ्यात वरचे दोन मणके कुरतडलेले, भोवती पू. संशय टीबीचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, मणका सरकला तर आतली नस दबेल. हातपाय जातील, श्वासही जाऊ शकतो. न्हाव्याचा एक झटका पुरला असता.

 मग वहिनी म्हणाल्या, "पन खोकला त मले हाये! टीबी ह्यायले कसा झाला?"

"टीबीला फक्त छातीचाच पत्ता दिलेला नसतो, ताई. हाडातही जातो. आणि तुमचा खोकलाही आजच तपासू."

वहिनींचा खोकला साधा निघाला.

*

खात्रीसाठी नमुना हवा होता. सुई तोंडातून, घशामागून जाणार, असं डॉक्टर म्हणाले. इंगळे गोंधळले, "दुखते मागून, अन् जाता समोरून?"

शेखभाईंनी नंतर खुलासा केला, "इंगळे, तुम्हाला सरकारी खात्याची सवय. तिथं सगळी कामं मागच्या दारानं!"

नमुन्यात टीबीच निघाला.

*

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच सकाळी इंगळे संडासातून ओरडले, "रक्त! लघवीतून रक्त!" वहिनींनी डॉक्टरांना फोन लावला. तो गोळीचा रंग होता, केशरी. सांगायचं राहून गेलं होतं.

त्यात गळ्यात कडक कॉलर. बाजारात लोक नमस्कार करत, इंगळ्यांची मान लवत नसे. गावात बोलवा झाली, "रिटायर झाल्यावर अकडला बुवा!"

*

चौथ्या महिन्यात दुखणं थांबलं. इंगळ्यांनी गोळ्यांचं पाकीट बाजूला ठेवलं. "दुखत नाही त गोळ्या काऊन खाऊ?"

वहिनी म्हणाल्या, "दुखणं गेलं, हाड भरलं का? तुमचं मत कोनं मांगलं?" आणि गोळी खाऊन होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. पुढेही कधी हलल्या नाहीत.

*

दीडेक वर्षानं शेवटची तपासणी. वहिनींसोबत मीही होतो. नवा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, गोळ्या बंद. पट्टे सोडून त्यांनी कॉलर काढली. इंगळ्यांचा गळा ऊन न लागल्यानं पांढुरका दिसत होता.

"आता हळूच उजवीकडे पाहा."

उजवीकडे वहिनी उभ्या होत्या. इंगळ्यांची मान हळूहळू वळली आणि नजर वहिनींवर थांबली.

"दुखतं का?"

"नाही."

"छान. आता डावीकडे."

इंगळे वळेनात. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, "डावीकडे, काका."

इंगळे म्हणाले, "थांबा जरा, सायेब."