सोन्याच्या पिनांची शुद्धी

समस्त पुणेकरांस, विशेषतः सोवळ्याची चाड असणाऱ्यांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, खंडेनवमीच्या शुभमुहूर्तावर धायरीच्या एका कारखान्यात करंगळीच्या नखाएवढ्या वस्तूला विटाळ झाला. वस्तू म्हणजे कनेक्टर. विटाळ म्हणजे मी.

हसू नका. साहेब हसत नव्हते.

पितळेच्या ताटात चोवीस कनेक्टर. शेजारी सुपारी, झेंडू, अक्षता. मी ताट टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, "ठेवलंत? आता जरा लांब उभ्या राहा."

मी दोन पावलं मागे सरले.

"अजून."

अजून सरले. पाठीला ड्रिलचं मशीन टेकलं तेव्हा त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी ड्रॉवरमधून छोटी बाटली काढली, झेंडूचं फूल तिच्यात बुचकळलं आणि ताटावर शिंपडलं. उग्र वास. गोमूत्र.

"सगळ्यांचे हात लागलेले असतात ना," साहेब खोलीला म्हणाले.

सगळ्यांचे! चोवीसच्या चोवीस वस्तूंना एकाच बाईचे हात लागले होते. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकालाही फुलावरची नजर काढून माझ्याकडे बघवेना.

आता ही वस्तू काय, ते सांगते. तुमच्या घरी इंटरनेटच्या वायरीला प्लास्टिकचा ठोकळा असतो. त्याची जीभ मोडते, मग तुम्ही कागदाची घडी खुपसून तो बसवता. घरी चालतं. कारखान्यात यंत्र दिवसभर थरथरतं, तेल उडतं, येणारा-जाणारा वायरीला लाथ मारतो. तिथे हा नवा कनेक्टर लागतो. काम तेच, अंगाने पाव, कवच धातूचं. एकदा खटकन बसला की ओढून सुटत नाही. पण जोडेपर्यंत त्याचं तोंड उघडं. आत सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पिना. म्हणून त्या तोंडावर टोपी घालून ठेवायची, हा नियम.

केसासारख्या आठ तारा भिंगाखाली बघून त्यात बसवायच्या. आमच्याकडे ते एकटी मी करायची. साहेबांनी एकदा करून पाहिलं. दोन तारा तोडल्या, एक बोटात घुसवून घेतली आणि जाहीर केलं, "हे बायकी काम आहे."

साहेब म्हणजे मालक. परदेशी पदवी, चौकटीत घालून केबिनच्या भिंतीवर. घर पेठेत. बोलणं मऊ. मी रुजू झाले तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. वर्ध्याकडचं सांगितलं. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्यात गणपती बसत नसेल?" पुण्यात जात कोणी विचारत नाही. छे! ती चाळणीने चाळून काढतात.

तर पूजा. फोटोग्राफर आला होता. साहेब म्हणाले, "टोप्या काढा, फोटोत सोनं दिसू दे." मी म्हटलं, "साहेब, तोंड उघडं ठेवू नये." ते म्हणाले, "आम्हालाही थोडं कळतं." टोप्या निघाल्या. उघड्या तोंडांवर गोमूत्र पडलं, वर हळद, कुंकू, मूठभर अक्षता. इंजिनिअर माणसाने स्वतःच्या हाताने. मंत्रासकट.

मग पेढे. सगळ्यांच्या हातावर ठेवले. माझ्या हातावर सोडला. वरून. वीतभर उंचीवरून.

आणि मी काय केलं? ओंजळ पुढे केली. वर "थँक्यू सर" म्हणाले. सत्तेचाळीस वर्षांची बाई. तो पेढा सोडणं त्यांचं होतं, पण ती ओंजळ माझी होती. साहेबांचा मला राग येतो. त्या ओंजळीची शिसारी येते.

ताट पुन्हा माझ्या हाती दिलंच नाही. शुद्ध झालेलं परत बाटेल ना! कोणीतरी फडक्याने पुसलं, टोप्या घातल्या, परस्पर खोकं भरलं.

दिवाळीनंतर लोणी काळभोरहून फोन आला. तिथे दुधाच्या पिशव्या भरणाऱ्या यंत्रात आमचे कनेक्टर बसवले होते. यंत्र मध्येच थांबायचं, मध्येच चालू व्हायचं. तिथल्या इंजिनिअर मॅडम बिघडलेले कनेक्टर घेऊन स्वतःच आल्या. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कागद टाइप करून तयार होता.

"कारण: जोडणी करणाऱ्या कामगाराचे अस्वच्छ हात." खाली माझं नाव. सहीला जागा.

"करा सही," साहेब म्हणाले. "फॉर्म्यालिटी आहे हो. तुम्हाला काढत नाही आम्ही. फक्त आजपासून पॅकिंगला बसा."

पॅकिंगला म्हणजे खोकी चिकटवायला. धायरीपासून नऱ्ह्यापर्यंत वायरिंगचं काम करणारे सगळे एकमेकांना ओळखतात. त्या कागदावर सही झाली असती तर मला पुन्हा कोणी भिंगापाशी बसवलं नसतं. बावीस वर्षांत कमावलेली एकच गोष्ट माझ्याकडे आहे. हे दोन हात.

पेन हातात घेतलं होतं. मग तो शब्द पुन्हा वाचला. अस्वच्छ. जुना ओळखीचा. शाळेत माठापाशी भेटला होता, भाड्याची खोली शोधताना भेटला होता. आज टाइप होऊन आला होता.

"नाही करत," मी म्हणाले.

"अहो, समजून घ्या."

"समजलं म्हणूनच नाही करत."

मी भिंग आणलं. पहिलाच कनेक्टर त्याखाली धरला आणि मॅडमना म्हटलं, "या, बघा."

त्या वाकल्या. "कोपऱ्यात लाल काय आहे?"

"कुंकू."

"आणि हे पांढरं?"

"अक्षतेची कणी."

"पिनांवर हिरवं चढलंय. ते कशाने?"

मी साहेबांकडे पाहिलं. अगदी नम्रपणे. "सांगा ना साहेब. पवित्र गोष्ट आहे, माझ्या तोंडी शोभायची नाही."

साहेब भिंतीवरच्या पदवीकडे बघू लागले. मी खुशाल वाट बघितली. खोटं कशाला बोलू, मजा आली. शेवटी मीच सांगितलं. बाटली, फूल, टोप्या, सगळं. आणि चाचणीचा तक्ता समोर ठेवला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चोवीसही कनेक्टर पास. खाली सही साहेबांची.

मॅडम इतकंच म्हणाल्या, "सर, गोमूत्र? यावर?"

"परंपरा आहे," साहेब पुटपुटले.

मी कागदावरची ती ओळ खोडली. शेजारी माझ्या अक्षरात लिहिलं: "बिघाड शुद्धीकरणामुळे." माझं नाव खोडलं. जागा मोकळी सोडली.

मग उभ्या उभ्या सांगितलं. यापुढे माझ्या हातचा कनेक्टर तपासून झाला की टोपी मी घालणार, खोकं मी बंद करणार. त्यावर फूल पडणार नाही, पाणी पडणार नाही. ज्याला माझ्या हातांचा विटाळ होतो, त्याने त्या हातांनी केलेल्या वस्तूला शिवायचं नाही. मला लांब उभं करायचं असेल तर कामही लांबच राहील. आणि अशा कागदावर माझी सही या जन्मात मिळणार नाही. काढायचं असेल तर आत्ता काढा, कारणासकट, लेखी.

मॅडमनी मान हलवली. साहेब त्या खोडलेल्या नावाकडे बघत राहिले. माणसाचा चेहरा इतका प्रामाणिकपणे गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अहो, पण मग दोष टाकायचा कुणावर?"