पाखऱ्या जेवाले गेला

हिराबाई,

परवा टपालानं भिलाईहून तिथल्या मराठी मंडळाची स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, पहिली वीस पानं जाहिरातींची. त्रेचाळिसाव्या पानावर तुमची गोष्ट छापली आहे. वर तुमचं नाव आहे, नवऱ्याच्या नावासकट, आणि त्याखाली कंसात ‘प्राणिकथा स्पर्धा, १९६१’. नाव तुमचं, बैल तुमचा, शेवट तुमचा नाही. तुम्ही आता नाही आहात, म्हणून पत्ता शोधायची कटकट नाही. पण म्हणून गप्प बसायचं असं कुणी सांगितलं? खरं काय झालं ते मी लिहून काढते. त्यात तुम्हाला हिरा म्हणेन, आणि मी येते तिथं मलाही सरलाच म्हणेन. चोवीस वर्षांची ती मुलगी माझी फार लाडकी नाही.

तर हिरा.

हिरा भंडाऱ्याकडची. नवरा देवीदास रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार, भिलाईच्या यार्डात. पोरबाळ नाही. कारखाना उभा राहत होता, सेक्टर एकेक करून वसत होते, आणि त्यातल्या एका सेक्टरात मंडळाच्या बायकांनी बालवाडी काढली होती. तिथं हिरा आया होती. काम असं की सकाळी घरोघर फिरून पोरं गोळा करायची, नाकं पुसायची आणि दुपारी डबा खाऊन झाला की त्यांना तासभर एका जागी बसवून ठेवायचं. हे शेवटचं काम भल्याभल्या शिकवणाऱ्यांना जमत नसे. पोरं तरी कुठली? एक मद्रासी, एक बंगाली, दोन सरदारांची, एक आंध्रातलं, आणि बाकी कुणाची कोण जाणे. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. हिराची तर कुणालाच कळत नव्हती. पण ती गोष्ट सांगायला बसली की म्हैस होई, टिटवी होई, चिडका बोकड होई, आणि सगळी पोट्टी तोंड उघडं टाकून ऐकत.

सरला नागपूरहून बी. ए. होऊन आलेली, बालवाडीतली शिकवणारी बाई. ती एक दिवस दारात उभी राहून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, “हिराबाई, मंडळानं स्पर्धा ठेवली आहे. बोलणाऱ्या प्राण्यांचीच गोष्ट हवी. तुम्ही द्या ना.”

“मले लिवता येत नाही, बाई.”

“मी लिहून घेते.”

“भेटते काय?”

“चांदीचा मुलामा दिलेला चषक. आणि गणपतीत मांडवात गोष्ट वाचून दाखवतात, सगळ्या लोकांसमोर.”

चषकानं हिराचं काही हललं नाही. मांडवानं हललं. मांडवात तिचा भाऊ चंपत येणार होता.

चंपतची बंडी, म्हणजे बैलगाडी, होती आणि बैलांची एक जोडी होती. सत्तावन सालात, कारखान्याच्या पायाचं खोदकाम चाललं होतं तेव्हा, तो ठेकेदाराकडे मुरूम ओढायला लागला. उजवा बैल पाखऱ्या. हिरानं त्याला वासरू असल्यापासून पाहिलेलं. लग्न होऊन निघाली तेव्हा भावापेक्षा जास्त ती त्याच्या गळ्यात पडून रडली होती, असं देवीदास सगळ्यांना सांगत असे. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हिरा भावाच्या झोपडीवर होती. तिनंच पाखऱ्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं, पळसाच्या पानानं खांदा शेकला, आणि रीतीप्रमाणे त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

आमच्याकडे बैलाला असं बोलावणं करतात. माणसाला करतात तसंच, मानानं. आणि एकदा आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी त्या मानेवर जू ठेवायचं नाही. तो पाहुणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा माणूस आला. रशियन साहेब पाहणीला येणार, बंड्या सगळ्या लागणार, आज ज्यानं नागा केला त्यानं उद्या यायचंच नाही. चंपतनं मान खाली घालून जोडी जुंपली. हिरा पुरणपोळीचं ताट घेऊन दारात उभी राहिली. पाखऱ्यानं ताटाकडे पाहिलं, मग बंडीबरोबर गेला. त्याच पावसाळ्याच्या शेवटी मुरमाच्या खाणीजवळ तो बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून चंपत बहिणीकडे आला तरी पाखऱ्याचं नाव काढत नसे, आणि हिराही काढत नसे.

आता तिनं काढलं.

पोरं घरी गेल्यावर, बालवाडीच्या ओसरीत, ती बोलत गेली आणि सरला लिहीत गेली. गोष्टीतल्या पाखऱ्याला जुंपतात. तो अर्ध्या वाटेत थांबतो. मागे बंड्यांची रांग अडकते. मागचे बैल विचारतात, “का रे भाऊ, कावून थांबला?” तो म्हणतो, “मले आवतन हाय.” मागचा म्हणतो, “आवतन तं मलेबी हाय गड्या, पण पाठीवर काठी हाय.” ठेकेदार येतो, ओरडतो, “चल, काम पडून हाय!” पाखऱ्या शांतपणे म्हणतो, “साहेब, काम उद्या हाय. जेवण आज हाय.” आणि जू खाली टाकून घराकडे चालायला लागतो. त्याच्या मागून दुसरा. त्याच्या मागून तिसरा. असे नऊ.

“मग?” सरलेनं लेखणी थांबवून विचारलं.

“मंग काय. जेवला.”

“आणि नंतर?”

“नंतर झोपला. बैल हाय तो, बाई. जेवल्यावर काय करन?”

“तात्पर्य?”

“ते कायचं?”

सरलेनं नियमांचा कागद दाखवला. गोष्टीतली पात्रं प्राणी असावीत, ती बोलावीत, आणि शेवटी तात्पर्य द्यावं. हिरा म्हणाली, “ज्याले समजलं त्याले समजलं. नाही समजलं त्याले मी काय भरवू?”

कागद मंडळाचे चिटणीस उमाकांतराव यांच्याकडे गेले. उमाकांतराव कारखान्यात हेडक्लार्क, सदरा कडक इस्त्रीचा, मराठी त्याहून कडक. चार दिवसांनी त्यांनी दोघींना घरी बोलावलं. चहा दिला, सरलेला कपात, हिराला पेल्यात.

“गोष्ट उत्तम आहे,” ते म्हणाले. “आलेल्या सतरांत पहिली. भाषा गावंढळ आहे, पण बैल आहे, चालेल. मात्र शेवट बदलायला हवा.”

“कावून?”

“हिराबाई, हा बैल संप करतो आहे.”

“संप कायचा, भाऊसाहेब? त्याले जेवाले बोलावलंय.”

“मागून नऊ बैल निघतात. नऊ! मांडवात कारखान्याचे अधिकारी बसलेले असतील. देश पोलादासाठी घाम गाळतो आहे, आणि आपला बैल पुरणपोळी खायला जातो? त्यानं ताट पाहावं, मनात नमस्कार करावा आणि बंडीकडे परत यावं. तात्पर्य, कर्तव्य हेच खरं पक्वान्न. बघा, किती छान बसतं!”

“तो परत गेलता,” हिरा म्हणाली. “खरोखरीचा परत गेलता. म्हून तं मी गोष्ट सांगितली.”

उमाकांतरावांना ते कळलं नाही. सरलेला कळलं, आणि तरीही ती गप्प बसली.

वाटेत हिरा एवढंच म्हणाली, “एकदा उपाशी धाडला त्याले. आता गोष्टीतबी धाडू? नाही होणार. चषक त्यायच्या घरी ठेवा म्हणा.”

घरी देवीदासनं समजावून पाहिलं. “अवो, बैल मरून चार वर्सं झाली. चषक भेटन, नाव होईन. तुले काय जाते?”

“तुले आवतन देऊन मी उपाशी उठवलं असतं, तं तुले काय गेलं असतं?”

देवीदास जेवत होता. त्यानं ताट जरा जवळ ओढून घेतलं.

आता सरलेनं काय केलं ते. तिला वाटलं, बाई अडाणी आहे, हट्टी आहे, हातचं बक्षीस घालवते आहे. तिचं भलं आपणच करायला हवं. शिकलेल्या माणसाला हा रोग फार लवकर जडतो. तिनं खोलीवर बसून शेवटचं पान नव्यानं लिहिलं. पाखऱ्या ताटाकडे पाहतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि तो वळून बंडीकडे जातो. खाली तात्पर्य. अक्षर मोत्यासारखं. शनिवारी ती ते देऊन आली, आणि हिराला सांगितलं की त्यांनी गोष्ट आहे तशी मान्य केली.

“पायलं?” हिरा आनंदली. “सांगितलं म्हंजे समजते लोकायले.”

गणपतीच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी मांडव भरला. पुढे अधिकारी, मध्ये बाबू लोक, मागे फिटर, खलाशी, दुर्गहून आलेली रेल्वेची माणसं. चंपत अगदी मागे, खांबाला टेकून. हिरा मंचावर खुर्चीत बसली होती, म्हणजे खुर्चीच्या कडेवर. तिनं ठरवलं होतं की गोष्ट संपेपर्यंत भावाकडे पाहायचं नाही. संपली की पाहायचं.

उमाकांतराव वाचू लागले. लोक हसले, मागच्या बैलाच्या काठीवर तर टाळ्या पडल्या. पाखऱ्या थांबला, घराकडे निघाला. हिराचे ओठ त्यांच्या शब्दांबरोबर हलत होते. मग उमाकांतरावांनी पान उलटलं, आणि तिचे ओठ थांबले.

“...त्याने त्या सुवासिक ताटास मनोमन वंदन केले आणि तो संथ पावलांनी माघारी वळला.”

मागे खांबाजवळून चंपत निघून चालला होता. हिरा उठली.

“थांबा.”

“हिराबाई, वाचन चालू आहे.”

“थांबा म्हटलं ना! हे माही गोष्ट नोहे. चंपत, थांब तिथंच!” सगळा मांडव मागे वळून पाहू लागला. चंपत दाराशी उभा राहिला. “माहा पाखऱ्या परत गेला नाही. तो घरी आला. मी ताट ठेवलं. पाच पुरणाच्या पोळ्या, वरून तूप. त्यानं खाल्ल्या. ताटबी चाटलं. मंग नऊच्या नऊ बैल आले, अन् मी सगळ्यायले वाढलं. कोणाले कमी पडलं नाही. संपली गोष्ट.”

कुणीतरी पुढच्या रांगेतून म्हणालं, “आणि काम?”

“तुमी जेवता तवा काम कोण करते?”

मागची माणसं अशी हसली की मांडवाची कनात हलली. चंपत हसला नाही. तो तिथंच दाराशी खाली बसला आणि उपरण्यानं तोंड पुसत राहिला, बराच वेळ.

चषक दुसऱ्या नंबरच्या गोष्टीतल्या पोपटाला गेला. तो पोपट रोज सकाळी लवकर उठत असे. सभा मोडायच्या आत उमाकांतरावांनी मोठेपणानं जाहीर केलं की हिराबाईंना उत्तेजनार्थ बक्षीस देण्यात येईल. हिरा माइकशिवायच म्हणाली, “उत्तेजन त्या पोपटाले द्या. मले पुरे तेवढं हाय.”

सोमवारी बालवाडीच्या समितीची चिठ्ठी आली, की आयाची गरज उरलेली नाही. हिरानं ती उलटीपालटी करून पाहिली. “मले वाचता येत नाही,” म्हणाली, आणि पोरं गोळा करायला निघून गेली. छापील अक्षर तिला वाचता येत असे, स्टेशनांच्या पाट्या ती सटासट वाची. पण महिनाभर ती चिठ्ठी तिला काही वाचता आली नाही, आणि समितीही मग विसरली. पोरांना तासभर बसवून ठेवायला दुसरं कुणी मिळालं असतं तर विसरली नसती.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, रेल्वे क्वार्टरांच्या मागच्या बोळात हिरानं स्वतःचं बक्षीस लावलं. भिलाईतल्याच सुपेल्याच्या बाजारातून चाकांचा मातीचा बैल आणला, इकडे नांदिया बैल म्हणतात तो, आणि स्वतः रंगवला. जनावराची गोष्ट सांगायची, तोंडी. जनावर बोललं पाहिजे. ज्यानं तात्पर्य सांगितलं तो बाद. पंच म्हणजे बोळातली पोट्टी. पहिला बैल एका क्रेन चालवणाऱ्याच्या तेलुगू बायकोनं नेला. तिचा एक शब्द कुणाला कळला नाही, पण तिचं गाढव सगळ्यांना कळलं. दुसऱ्या वर्षी चंपतनं नेला. त्यानं कुठली गोष्ट सांगितली हे सांगायला नको. तिसऱ्या वर्षी सरला उभी राहिली, आणि हरली. पोरं म्हणाली, बाईचा कोल्हा शिकवूनच राहते.

कारण हिरानं सरलेला टाकलं नव्हतं. मांडवातल्या त्या संध्याकाळनंतर सरला रडत तिच्या दारी गेली, तेव्हा हिरा तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“अक्षर तुमचंच होतं ना?”

“हो.”

“रडून राहिल्या कायले? एक काम करा. मंडळाच्या हापिसात, उमाकांतरावच्या कपाटात ते कागद हायेत. त्यातलं शेवटचं पान काढून आणा. बाकीचं राहू द्या तिथंच, त्यात पाखऱ्या घराकडे निघालेला हाय. मंग तो बरोबर पोचते.”

“आणते,” सरला म्हणाली.

पहिल्यांदा गेली तेव्हा कपाटाची किल्ली मिळाली नाही. दुसऱ्यांदा उमाकांतराव तिथंच बसले होते, आणि त्यांच्यासमोर मागायला तिची जीभ उचलेना. मग तिची पुढची परीक्षा आली, मग लग्न ठरलं. हिरा पोळा आला की विचारायची, “पान आणलं का, बाई?” पासष्ट साली दुर्गच्या फलाटावर सरलेला निरोप द्यायला आली तेव्हा तिनं पुरणपोळ्यांचं फडकं खिडकीतून आत दिलं.

“पान राह्यलं बरं का.”

“पुढच्या वेळी आले की पहिलं तेच काम.”

पुढच्या वेळी सरला आली ती एका लग्नाला. त्याच्या पुढच्या वेळी बारशाला. मंडळाचं कार्यालय तोवर नव्या इमारतीत गेलं होतं, आणि कपाट तेच होतं. ती दोन्ही वेळा त्याच्यासमोरून गेली. तेच पान आता स्मरणिकेत छापून आलं आहे.