चार बांध्यांची इंग्रजी

कुरखेड्याकडच्या मिडल स्कूलमध्ये इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी दोन याद्या केल्या. सातवीला काय येतं आणि काय येत नाही. पहिली यादी लांबलचक झाली, कारण पोरांना धडेच्या धडे पाठ होते. दुसरीत एकच ओळ होती: स्वतःच्या मनाने चार वाक्यं.

त्या ओळीपाशी एका मुलीचं पुढचं शिक्षण अडलं होतं. वर्गात ती एकटीच मुलगी. तिच्या वडिलांनी मला शाळेच्या दारातच सांगून टाकलं, "बाई, इंग्रजीत पास झाली तं ब्रह्मपुरीले हायस्कुलात धाडतो. नाई तं धानाच्या रोवणीले माणूस पायजेच मले." आणि परीक्षेत निबंध यायचा, तो पाठ केलेला चालत नसे.

मी फळ्यावर एकाखाली एक चार चौकोन काढले, मध्ये बाण. कोण, काय केलं, मग काय, शेवटी काय. पोरांना ते काही उमगेना. सगळी धानवाल्यांची पोरं, बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणणारी, म्हणून मी म्हटलं, "ह्या चार बांध्या समजा. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत जातं, तशी गोष्ट पुढे जाते."

झटक्यात माना डोलल्या. वह्या तपासल्या तर प्रत्येकाने चारही चौकोनांत एकच वाक्य लिहिलेलं. आमच्या गावात तलाव आहे. चार वेळा.

"हे काय गं?" मी त्या मुलीला विचारलं.

"पानी तं एकच राह्यते ना बाई. खालच्या बांधीत दुसरं कुठून येईन?"

"बाईनं कधी चिखल तुडवला हाय का!" मागच्या रांगेतून आवाज आला. वर्ग हसला. मीही हसले, खरंच तुडवला नव्हता.

रविवारी तिच्या शेतावर गेले. वडील धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या बांधावर, फावडं घेऊन उभे होते.

"भाऊ, वरच्या बांधीतलं सगळं पाणी खाली सोडता का?"

"सगळं सोडलं तं वरचं धान वाळून नाई जाईन? वरचीचं वरचीत ठेवाचं, थोडंसं खाली जाऊ द्याचं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे इंग्रजीत इचारतेत का, बाई?"

सोमवारी चौकोन तेच ठेवले, नियम बदलला. प्रत्येक चौकोनाने आपली गोष्ट आपल्याकडे ठेवायची, खाली एकच शब्द सोडायचा. गावात तलाव आहे. तलावात मासे आहेत. मासे माझा भाऊ धरतो. भाऊ ते बाजारात नेतो. सोडलेला शब्द दोन चौकोनांमधल्या फटीत लिहायचा. दिवाळीपर्यंत आठ चौकोन भरू लागले आणि माझ्या दुसऱ्या यादीतली ती ओळ मी खोडली.

परीक्षेत निबंध आला प्रवासावर. ही पोर आगगाडीत कधी बसलेलीच नव्हती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मोहा वेचाले जंगलात जातो ना बाई, तोच प्रवास लिवला. सहा बांध्या केल्या." तपासणाऱ्याला हा प्रवास पटेल का, कोण जाणे, पण चौकोनांवर माझा भरवसा होता.

ती पास झाली. वडील शाळेत आले. "वरवर पास का पक्की पास?"

मी तिची वही त्यांच्या हातात दिली. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं, फटीतून खालच्यात उतरवलं, असं करत शेवटपर्यंत नेलं.

"बांधी कुठीच फुटली नाई," ते म्हणाले आणि वही मिटली. "रोवणीले दुसरं माणूस पाहा लागन."