माळावर पडून राहिलेलं शेण

आक्काचं गाव कळंब्याच्या पुढं आहे. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या घरामागं माळ आहे आणि माळावर तिच्या म्हशी चरतात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. पाऊस उघडला की प्रॅक्टिकलसाठी शेणकिडे आणायला तिच्याकडं जायचं, हे कैक वर्षांचं ठरलेलं. भाऊ शेण उकरायला येतो, असं तिनं गावभर सांगून ठेवलंय.

हा किडा शोधावा लागत नाही. शेणाचा पो पडला की दुसऱ्या दिवशी त्याच्या कडेनं ताज्या मातीचे ढीग दिसतात. पो उलटला की खाली अंगठा जाईल एवढी बिळं. किड्याचं डोकं पुढं चपटं, फावड्याच्या पात्यासारखं. पुढच्या पायांना करवतीचे दाते, पाठीवर टणक काळं कवच. नराच्या डोक्यावर आखूड शिंग असतं, ते रोखून तो बिळाच्या तोंडाशी बसतो. मादी खाली हातभर खोल शेणाचे गोळे रचते आणि एकेका गोळ्यात एकेक अंडं घालते. अळी त्या गोळ्यातच, आतून शेण खात वाढते. मुठीत धरलेला किडा असा रेटा देतो की हात आपोआप उघडतो.

गेल्या वर्षी माळावर गेलो तर शेणाचे पो पडले तसेच होते. वरून वाळून कडक झालेले, कडा अख्ख्या. मातीचा ढीग कुठंच नव्हता. ताज्या शेणावरही माश्या अगदी तुरळक होत्या.

"असंच पडून ऱ्हातंय," आक्का मागून म्हणाली. "खालचं गवत बी मेलंय बघ."

मी खुरप्यानं उकरायला बसलो. पुष्कळ पो उलटल्यावर एक जुनं बीळ सापडलं. तळाशी गोळे होते. एक फोडला, आत अळी काळी पडून आक्रसलेली. दुसऱ्यात तेच. सगळे फोडले. एकही जिवंत नव्हती.

या खेपेला काय वेगळं केलंत, असं मी आक्काला विचारलं. तिला आठवलं ते गोचिडांचं इंजेक्शन. तिच्या मुलानं, माझ्या भाच्यानं, ते दुकानातून आणून स्वतःच म्हशींना टोचलं होतं. गुण आला म्हणून परत टोचलं, अजूनही अधूनमधून टोचत होता. ते औषध जनावराच्या अंगातून शेणात उतरतं आणि तिथंही मारत राहतं, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं एक फोडलेला गोळा उचलून बघितला.

"शेणातनं जातंय म्हणतोस," ती म्हणाली. "मग दुधातनं?"

 घरात भाच्याची बायको, आक्काची सून, पोटुशी होती, दिवस भरत आले होते. रोज संध्याकाळी आक्का स्वतः तिला पेला भरून दूध द्यायची.

माळावरूनच मी जनावरांच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भाच्यानं घरातून बाटली आणून तिच्यावरचं नाव वाचून दाखवलं.  डॉक्टर म्हणाले, हे टोचल्यावर बरेच दिवस दूध वापरायचं नसतं, बाटलीवर छापलेलंच असतं. घाबरण्यासारखं काही नसावं. ते 'नसावं' आक्कानं नीट ऐकलं.

त्या संध्याकाळी तिनं धार काढली आणि भरलेली बादली उकिरड्यावर ओतली. सगळा गाव हेच टोचतोय, कुणाला काय झालंय, असं भाचा म्हणत राहिला.  सून दारात आली.

"मामा, आत्याबाई दूध का वतायल्यात?"

दुधात औषध उतरलंय, एवढंच मी सांगितलं.

"मी तर रोज प्यालीया की," ती म्हणाली.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत आक्का दूध ओततच राहिली. थंडीत सुनेला मुलगी झाली. दवाखान्यात सगळं तपासलं, काही दोष निघाला नाही. इंजेक्शन बंद झालं. यंदा पाऊस उघडल्यावर मी गेलो, तेव्हा शेजारच्या बांधाकडच्या दोन-तीन पोंच्या कडेला ओली माती दिसली. बाकी माळ तसाच होता. मी किडे आणले नाहीत.

नात जरा जास्त वेळ झोपली की आक्का तिला हलवून उठवते. सून चिडते. मी म्हटलं, झोपू दे की तिला.

"रडली की बरं वाटतंय," आक्का म्हणाली.