गाडी शांत आहे

जुन्या गाड्यांच्या बाजारात माझ्या भाऊजींना 'नाट' म्हणायचे. थोरल्या बहिणीचा नवरा, त्यामुळे तोंडावर मी असं कधी म्हटलं नाही. पाठीमागे म्हटलंय. ते फाटकातून आत शिरले की दलालांची तोंडं कडू व्हायची. गिऱ्हाईक किल्ली हातात घेऊन उभं असायचं आणि हे गाडीखालून बाहेर यायचे, पाठीची माती झटकायचे आणि म्हणायचे, "राहू द्या." झालं, सौदा मोडला.

स्वतःचं गॅरेज बंद पडल्यावर त्यांनी हाच धंदा धरला होता. वापरलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्या लोकांना तपासून द्यायच्या. आमच्याकडे चढ फार आणि रस्ते कच्चे, त्यामुळे चारही चाकांना ताकद देणारी गाडी ही इथे हौस नाही, गरज आहे. पण साध्या गाडीत बिघडायला जेवढं असतं त्याच्या दुप्पट हिच्या पोटात असतं, आणि ते वरून दिसत नाही.

भाऊजी आधी बॉनेटवर तळवा ठेवायचे. गरम लागलं की दलालाला विचारायचे, "आम्ही यायच्या आधीच उठवून ठेवलीत? थंडीत उठायला कुरकुर करते वाटतं?" मग चारही टायर बघायचे. एक जरी वेगळ्या मापाचा निघाला तर आतल्या गिअरचे दाते झिजलेच समजा. मग खाली पोतं टाकून आडवे व्हायचे. चेसिसला ताजा काळा रंग दिसला की लांब स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायचे. कधी टोक बिस्किटात जावं तसं आत जायचं. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बेचक्यात वाळलेला गाळ सापडला की खालूनच ओरडायचे, "ही पुरात पोहून आलीय हो!"

पण हे सगळं डोळ्यांचं आणि हातांचं काम. खरी परीक्षा कानांची होती. स्टिअरिंग पूर्ण वळवून ते गाडी गोल गोल फिरवायचे. कट कट कट ऐकू आलं तर पुढचे जॉइंट संपले. इंजिन चालू ठेवून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. किरकिर वेगळी, घरघर वेगळी, गुणगुण वेगळी. वर्षातून एखाद्या वेळी त्यांच्या तोंडून निघायचं, "गाडी शांत आहे. घ्या." मग दलालही गुपचूप कागद काढायचा, कारण त्या वाक्यावर कुणी घासाघीस करत नसे.

मी गुरांची डॉक्टर. भाऊजी म्हणायचे, "मेहुणीबाई, आपला धंदा एकच. दोघांचेही रोगी तोंडाने काही सांगत नाहीत. फक्त तुझे लाथ मारतात."

"आणि माझा मेला तर सुटे भाग विकता येत नाहीत," मी म्हणायचे. हा विनोद आम्ही इतक्या वेळा केला होता की ताई तो सुरू होताच उठून आत जायची.

माझी जुनी गाडी चढावर दम टाकायला लागली तेव्हा मी भाऊजींनाच गाठलं. मागच्या वेळी त्यांच्या 'राहू द्या'ने मला रडकुंडीला आणलं होतं, म्हणून या वेळी मनाची तयारी करूनच गेले. बाजारात पोहोचलो तर दलाल स्वतः उठला, खुर्ची पुसून पुढे केली. "या काका, बसा. चहा सांगू?"

काका! मी भाऊजींकडे बघितलं. ते खुशीत होते. शेजारी दुसरं एक गिऱ्हाईक अडून बसलं होतं, त्याला दलाल सांगत होता, "माझ्यावर विश्वास नको ठेवू. काकांकडून तपासून घे." मला तर अभिमानच वाटला. माणसाचं नाव झालं की वैरीसुद्धा मान देतात, असं मनात आलं. इतकी मी मूर्ख.

"हल्ली गाड्या बऱ्या येतात," भाऊजी पोतं पसरत म्हणाले. "पूर्वी एक धड नसायची. लोक नीट वापरायला शिकले बघ."

गाडी राखी रंगाची होती. बॉनेट थंड, टायर एकाच मापाचे, खाली ना गंज ना गाळ. फोर व्हीलचा दांडा पडला आणि दिवाही लागला. भाऊजींनी चालवायला घेतली, मी शेजारी बसले. सपाट रस्त्यावर जरा वेग आला आणि मागच्या सीटखालून आवाज सुरू झाला. अडलेली गाय कण्हते तसा, लांबलचक आणि खोल. लपून राहणारा नव्हताच तो. मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी नेहमीसारखी मान कलती केली होती. मग ते हसले.

"बघ, गाडी शांत आहे."

मला आधी थट्टा वाटली. मी म्हटलं, "भाऊजी, मागून आवाज येतोय." ते रस्त्याकडे बघत राहिले. मी परत म्हटलं. ते ब्रेकबद्दल काहीतरी सांगू लागले. आणि मग मला एकेक आठवायला लागलं. ताई हल्ली बोलण्याआधी त्यांच्या दंडाला हात लावते. त्यांच्या घरचा टीव्ही गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येतो. आणि तो दलाल, त्याची ती पुसलेली खुर्ची. गंजलेल्या गाड्या ते लोक भाऊजींपुढे आणतच नव्हते. आतून कण्हणाऱ्या आणत होते. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, एका नाटाला सोडून.

घरी नेऊन, जवळ बसवून सांगू, असं मी ठरवलं होतं. पण फाटकात शिरताच भाऊजींनी खिडकीतून डोकं काढलं आणि चारचौघांत म्हणाले, "शांत आहे. कागद काढा."

दलाल तयारच होता.

"भाऊजी, थांबा," मी म्हटलं. "गाडी ओरडतेय."

"काय?"

"मागून मोठा आवाज येतोय."

त्यांनी कानामागे हात नेला. "काय म्हणतेस?"

"भाऊजी, तुम्हाला ऐकू येत नाही!"

मी ओरडले होते. गाड्या पुसणारी माणसं थांबली. दलाल दुसरीकडे बघू लागला. जी गोष्ट हळू सांगायची होती ती मला अख्ख्या बाजाराला ऐकवावी लागली, कारण हळू सांगितली असती तर ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नसती.

ते रागावले नाहीत. खाली उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. "तू चालव."

मी परत रस्त्यावर गाडी काढली. भाऊजींनी वाकून तळवा गाडीच्या तळाला टेकवला होता.

"कसा येतोय?"

"कण्हल्यासारखा," मी मोठ्याने म्हटलं.

"पाय काढलास की?"

"वाढतो."

"फोर व्हील टाकून बघ."

"तसाच आहे."

"मागचं डिफरेन्शियल गेलंय," ते म्हणाले. मग तळवा उचलून, "राहू दे."

ताई माझ्यावरच उखडली. "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? हल्ली ते घरी हसत यायचे गं."

"ताई, लोक त्या गाड्या चालवतायत."

"मला वाटलं घरातलंच ऐकू येत नाही," ती म्हणाली. "कुठल्या नवऱ्याला बायकोचं ऐकू येतं?" आणि हसता हसता रडायला लागली.

कानाचं यंत्र आणलं. भाऊजींनी ते ओळखीच्या गॅरेजात एका चालू इंजिनाजवळ लावून बघितलं आणि काढून खिशात टाकलं. "यात सगळंच एकदम ओरडतं. कोण कुठून ओरडतंय ते कळत नाही."

त्यांच्या डोक्यात आता एकच होतं. कानाने ऐकून नाकारलेली शेवटची गाडी कोणती, ते त्यांनी आठवून काढलं. त्यानंतर ज्यांना ज्यांना 'शांत आहे' म्हटलं होतं, त्या सगळ्यांकडे जायचं. कान म्हणून मी. माझा खटारा तात्पुरता ठाकठीक करून आम्ही निघालो. मी लोकांच्या गाड्या चालवायचे, आवाज सांगायचे, ते रोग सांगायचे आणि हात जोडायचे. कुणी दार लावून घेतलं. पण एक दूधवाला म्हणाला, "आवाज तर पहिल्या दिवसापासून आहे, काका. पण तुम्ही शांत म्हणालात ना, म्हणून आम्ही त्याला आवाज धरलाच नाही."

भाऊजींना मी ते वाक्य परत मोठ्याने सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्याच्या ओठांवरून त्यांना कळलं असावं.

वरच्या वस्त्यांवर जाणाऱ्या नर्सबाईंनी मात्र गाडी विकून टाकली होती. "डावीकडे वळलं की घरघर वाढायची. मला भीती वाटायला लागली, म्हणून दलालालाच परत विकली."

हे मी कानाजवळ तोंड नेऊन सांगितलं तेव्हा भाऊजींचा चेहरा उतरला. "उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग. उतारावर चाक निघून येईल."

दलालाकडे गेलो. आता खुर्ची नव्हती. ती गाडी रंग बदलून केव्हाच विकली होती, कुणाला ते आठवत नाही म्हणे.

"आठव," मी म्हटलं. "माणूस मरेल."

तो मला सोडून भाऊजींकडे वळला आणि त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गाडी शांत होती ना, काका? तुम्हीच म्हणाला होता."

तेव्हापासून भाऊजी उताराच्या तोंडाशी उभे असतात. त्या बनावटीची गाडी आली की हात करतात. कुणी थांबतं, कुणाला वाटतं म्हातारा लिफ्ट मागतोय. थांबलेल्याला ते म्हणतात, "उजवं पुढचं चाक उचलून हलवून बघू द्या." बहुतेक लोक काच वर करतात.

काल मी एका गोठ्यावरून परत येत होते. भाऊजी नेहमीच्या जागी होते, रस्त्यात चांगलेच पुढे आलेले, नजर चढाकडे. मागून एक ट्रक जीव तोडून हॉर्न वाजवत होता. उरलंसुरलं ऐकूही आता गेलं होतं, त्यांनी मान वळवली नाही. मी गाडी तशीच सोडून धावले, बाही धरून त्यांना मागे ओढलं. ड्रायव्हरने जाता जाता आमची आई-बहीण काढली, तीही मलाच ऐकू आली.

"भाऊजी, घरी चला," मी ओरडले.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. मला हाताने आपल्या शेजारी, रस्त्याच्या कडेला उभं केलं.

"मी बघतो," ते म्हणाले. "तू ऐक."

मी उभी राहिले. चढावरून गाड्या येत होत्या. मला त्यातली एकही शांत वाटली नाही.