आतली पट्टी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, मावशी एकतीस वर्षं कात्र्या, चिमटे आणि सुऱ्या वाफवत आली होती. सगळे तिला मावशीच म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा.

काम तसं साधं. धुतलेली हत्यारं दुहेरी कापडात बांधायची, गठ्ठ्याला चिकटपट्टी लावायची आणि वाफेच्या लोखंडी पेटीत ठेवायची. वाफ लागली की चिकटपट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या होतात. पण ही झाली बाहेरची साक्ष. वाफ गठ्ठ्याच्या पोटापर्यंत पोचली का, हे सांगायला आत कागदाची आणखी एक, तशीच काळी होणारी पट्टी ठेवावी लागते. ऑपरेशनच्या खोलीत गठ्ठा उघडताना ती आधी बघायची, असा नियम. मावशीचा गठ्ठा असला की मात्र कोणी बघत नसे.

हा लौकिक तिनं ठरवून कमावला नव्हता. रोज सकाळी कोपरापर्यंत हात धुताना ती प्रभूशी दोन शब्द बोलायची: काल कुणाला टाकून बोलले का, कुणाबद्दल मनात अढी आहे का. असेल तर आधी त्या माणसाकडे जायचं, मग कामाला हात. एकदा पंप दुरुस्त करणाऱ्याची माफी मागायला ती ओल्या हातांनी फाटकापर्यंत धावली होती. त्या बिचाऱ्याला भांडण झालंय हेच ठाऊक नव्हतं. तिची आई म्हणायची, "मनाला कुलूप लावता येत नाही, बाई. रोज झाडून मात्र काढता येतं."

त्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या अंगणात बायका बोलत उभ्या होत्या. तिची नणंद याच रुग्णालयात ऑपरेशनच्या खोलीतली नर्स, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "आमच्या वहिनी स्वर्गात गेल्या तर आधी तिथल्या पायऱ्या उकळायला घालतील." मावशीही हसली. मग नणंद पुढे बोलली, "आईच्या आजारपणात कुठे गेला होता हा टापटीपपणा?"

अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा मावशीनंच दोन वर्षं केली होती. ती तडक घरी आली.

सोमवारी तिनं हात धुतले, प्रभूशी बोलली मात्र नाही. बोलायचं काय? माफी मागायची तर ती नणंदेनं.

सात गठ्ठे वाफवून वर गेले. टेबल पुसताना फडक्याखाली आतली एक पट्टी निघाली, कोरीकरकरीत. सातांपैकी एका गठ्ठ्यात साक्षच नव्हती.

पेटी तीच, वाफ तीच. पट्टी खिशात घातली की कुणाला पत्ता लागणार नव्हता. आणि वर जाऊन सांगायचं ते नेमकं नणंदेला. पण सकाळी गठ्ठे बांधतानाचं तिला एवढंच आठवत होतं, की एकेक गाठ ती दात खाऊन आवळत होती. आवळलेल्या गठ्ठ्यात वाफ शिरत नाही, हे नव्या मुलींना तीच तर शिकवायची.

ती जिना चढली.

"गठ्ठे परत दे. सातही."

"वहिनी, पेशंट टेबलावर आहे. झालं काय?"

"एकात आतली पट्टी नाही. कुठल्यात, ते मला माहीत नाही."

मास्कवरचे नणंदेचे डोळे बारीक झाले. "तुमच्या हातून? आता हे पेपरात छापून येणार."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, बाहेरच्या रेघा काळ्या आहेत. त्यातून गठ्ठा तुमचा. चालेल की."

"माझा आहे म्हणूनच चालणार नाही, डॉक्टर. तुम्ही आत बघितलंच नसतं."

डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं. खाली आणून तिनं सगळे गठ्ठे सोडले. एकात पट्टी नव्हती, ते ठीक. पण आणखी दोन गठ्ठ्यांतल्या पट्ट्याही अर्ध्याच काळवंडल्या होत्या. सगळं पुन्हा सैल बांधून तिनं पेटी लावली.

मेट्रन चुकांची वही घेऊन आल्या. "कारणाच्या रकान्यात घाई लिहा. एवढं काही नाही."

"घाई नव्हती, बाई." मावशीनं लिहिलं: मनात राग धरून काम केलं.

"असं कोणी लिहितं का? तपासणीवाले हसतील."

"हसू देत."

सहीसाठी नणंद खाली आली. तिनं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. "कुणावर राग, ते नाही लिहिलंत?"

"ते वहीत लिहायचं नाही, तुझ्याशी बोलायचं. कालच यायला हवं होतं मी."

मेट्रन वही घेऊन निघून गेल्या. नणंद तिथेच उभी राहिली. "आईच्या शेवटच्या महिन्यात मी आले नाही, वहिनी. ते मला खात असतं. काढलं तुमच्यावर."

मावशीनं पेटीच्या काट्याकडे पाहिलं. "अजून पंधरा मिनिटं लागतील," ती म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं. "बस."